विश्रामबागेतील संगणक दुरुस्ती सेवा : मंदावलेल्या विंडोजला वेग

सांगलीच्या विश्रामबाग भागातील एका छोट्या दुकानात मी विंडोज १० असलेला जुना लॅपटॉप वेग वाढवण्यासाठी दिला होता. तेथील तंत्रज्ञाने कोणतेही 'क्लीनर' सॉफ्टवेअर न टाकता आधी रजिस्ट्रीची, म्हणजे विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथे साठवते त्या नोंदसंग्रहाची, प्रत पेनड्राइव्हवर काढून घेतली आणि मगच बदलांना हात घातला, ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. कारण रजिस्ट्रीतील एखादी चुकीची नोंद संगणक सुरू होणेच थांबवू शकते. उपमेनू किती वेळाने उघडावा हे ठरवणाऱ्या 'मेनू शो डिले' या नोंदीचे मूळ मूल्य ४०० मिलिसेकंद असते. ते कमी केल्यावर उपमेनू लगेच उघडू लागले. मात्र याने प्रोसेसरचा वेग वाढत नाही, केवळ थांबणे कमी होते, हे त्यांनी पैसे घेण्यापूर्वीच स्पष्ट सांगितले. खरा फरक पडला तो टास्क मॅनेजर या विंडोजमधील साधनातून सुरुवातीलाच चालू होणारे अनावश्यक प्रोग्रॅम बंद केल्याने आणि हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (फिरते भाग नसलेली, अधिक वेगवान साठवण) बसवल्याने. विंडोज १० चा नियमित पाठिंबा (कंपनीकडून मिळणारी सुरक्षा अद्यतने) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याची जाणीवही त्यांनी आपणहून करून दिली. उणीव एकच : केलेल्या बदलांची लेखी यादी मिळत नाही, ती मागून घ्यावी लागते.