केशरी काचांचा चष्मा: कोणी घ्यावा, कोणी घेऊ नये

रात्री उशिरापर्यंत स्क्रीनसमोर बसणं ज्यांच्या कामाचाच भाग आहे, त्यांनी गडद केशरी काचांचा चष्मा जरूर घ्यावा. ज्यांना अंथरुणात पडून मोबाइल बघायचाय आणि तरी शांत झोप हवी आहे, त्यांनी घेऊ नये. आणि ‘ब्लू कट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या जवळपास पारदर्शक काचा निव्वळ झोपेसाठी कोणीच घेऊ नयेत. माझं मत एवढंच आहे. पण ‘स्क्रीनचा निळा प्रकाश अडवतो, झोप सुधारतो’ अशी या सगळ्यांची जाहिरात एकाच सुरात होते आणि घेणाऱ्याचा गोंधळ उडतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी मुद्रितशोधन करते. मजकूर संध्याकाळी हातात येतो आणि सकाळी छपाईला जायचा असतो, त्यामुळे माझं खरं काम जेवणं उरकल्यावर सुरू होतं. लॅपटॉप मिटला की डोकं दमलेलं आणि डोळे मात्र टक्क उघडे, ही अवस्था माझ्या फार ओळखीची आहे. ‘झोपण्याआधी दोन तास स्क्रीन बंद’ हा सल्ला योग्यच आहे, पण तो पाळला तर माझं कामच बंद पडेल. माझ्यासारखे पुष्कळ असतील: रात्रपाळीचे लोक, परीक्षेला बसलेली मुलं, दुसऱ्या देशातल्या घड्याळाप्रमाणे काम करणारे. हा चष्मा मी त्या नजरेने वापरून पाहिला.

आधी पारदर्शक काचांचा निकाल लावते. माझ्या नंबरच्या चष्म्याला हे ‘ब्लू कट’ कोटिंग आहेच. ते विकताना चष्म्याच्या दुकानांत जो प्रयोग करून दाखवतात तो तुम्हीही पाहिला असेल. छोटा लेझर घ्यायचा, साध्या काचेतून कार्डावर मारायचा, ठिपका उमटतो. कोटिंगच्या काचेतून मारायचा, ठिपका उमटत नाही किंवा अगदी फिका उमटतो. प्रयोग खोटा नाही. पण तो लेझर सहसा ४०५ नॅनोमीटरच्या (प्रकाशाच्या तरंगलांबीचं, म्हणजे त्याच्या रंगाचं माप) आसपासचा असतो, म्हणजे जांभळा. स्क्रीनच्या पांढऱ्या एलईडीतला निळ्याचा भर साधारण ४५० नॅनोमीटरला असतो आणि झोपेचं गणित ज्यावर सर्वांत जास्त हलतं तो प्रकाश ४८० च्या आसपासचा. लेझर अडला म्हणून हे दोन्ही अडले असं होत नाही.

हा ४८० चा आकडा नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण सगळा चष्मा त्यावरच तोलला जातो. आपल्या डोळ्याच्या पडद्यात वस्तू दिसण्याचं काम करणाऱ्या पेशी असतात, हे शाळेत शिकलो. २००२ साली डेव्हिड बर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की तिथे आणखी एका जातीच्या पेशी थेट प्रकाश ओळखतात. त्यांच्यात मेलानोप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं. बाहेर उजेड किती आहे हे मेंदूतल्या घड्याळाला कळवणं हे त्यांचं मुख्य काम. ते घड्याळ पिनियल ग्रंथीला सांगतं, आता मेलाटोनिन सोड, किंवा थांब. मेलाटोनिनला लोक झोपेची गोळी समजतात, पण ते शरीराला मिळालेला ‘रात्र झाली’ असा निरोप आहे. मेलानोप्सिनला ४८० च्या आसपासचा निळा प्रकाश सर्वांत जास्त जाणवतो, म्हणून तो डोळ्यांत जात राहिला की निरोप उशिरा पोचतो.

आता पारदर्शक काचा निळ्यातलं किती अडवतात? साधारण १० ते २५ टक्के. म्हणजे तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त तसंच आत येतं. २०२३ मध्ये वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने अशा चष्म्यांवरच्या १७ चाचण्या एकत्र तपासल्या. स्क्रीनमुळे डोळ्यांवर येणारा ताण या काचांनी निदान थोड्या काळात तरी कमी होत नाही असं त्यांना दिसलं, आणि झोपेबद्दल ठामपणे काही म्हणता येईल इतका पुरावाच नव्हता. माझा अनुभवही तोच. कोटिंग असलेला चष्मा वर्षानुवर्षं नाकावर आहे आणि झोप जिथे होती तिथेच.

केशरी काच ही वेगळी जात आहे. घालताक्षणी कळतं. पांढरं पान पिकल्या पानासारखं पिवळट-केशरी होतं, निळ्या लिंक काळ्या पडतात. माझ्या कामात याची एक मोठी अडचण निघाली. दुरुस्त्या दाखवायची माझी पद्धत अशी होती की काढलेलं लाल रंगात आणि नवीन घातलेलं निळ्यात. केशरी काचेतून निळा आणि काळा एकच दिसतो! नवीन घातलेला अनुस्वार मूळ मजकुरात बेमालूम मिसळून गेला. आता घातलेल्या मजकुराला हिरवा रंग आणि खाली रेघ अशी सोय केली आहे, हिरवा या काचेतून व्यवस्थित वेगळा कळतो. मुखपृष्ठ, नकाशे, रंगीत तक्ते असलं काही असेल तर ते दिवसाच तपासते. रंगांशी संबंध असलेलं काम करणाऱ्यांनी, म्हणजे चित्रकार, छायाचित्रकार, डिझायनर यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

माझा चष्मा नंबरच्या चष्म्यावरून घालायचा आहे. दोन चष्मे एकावर एक म्हटल्यावर वजन येणारच. नाकावर वळ उठतात, कानामागे दुखतं, आणि गरम काही पीत काम करत असाल तर काचा धूसर होतात. पण या प्रकारात बाजूच्या फटी झाकल्या जातात, आणि ते फार महत्त्वाचं आहे. नाजूक, फॅशनेबल केशरी चष्म्यांत समोरचा प्रकाश गाळला जातो आणि कडेने छताच्या दिव्याचा पांढरा झोत सरळ डोळ्यात येतो. मग उपयोग अर्धाच.

छताच्या दिव्यावरून आठवलं. स्क्रीनला आपण इतकी नावं ठेवतो की डोक्यावरच्या दिव्याकडे लक्षच जात नाही. २०११ मधल्या एका अभ्यासात ११६ जणांना झोपण्याआधीचे काही तास घरात असतो तशा, २०० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) आतल्या उजेडात ठेवलं आणि मग अगदी मंद, ३ लक्सच्या आतल्या उजेडात. साध्या खोलीच्या उजेडाने जवळपास सगळ्यांचं मेलाटोनिन उशिरा सुरू झालं आणि त्याचा एकूण काळ सुमारे ९० मिनिटांनी आखडला. त्यात कुठल्या मोबाइलची गरज पडली नाही. २०२२ मध्ये या विषयातल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन जी मर्यादा सुचवली, ती झोपण्याआधीच्या तीन तासांसाठी डोळ्याशी जास्तीत जास्त १० अशी आहे. हे माप साध्या लक्सचं नाही, मेलानोप्सिनच्या पेशींना किती प्रकाश जाणवतो त्यावर बेतलेलं आहे. चारही भिंती उजळवणारा पांढरा दिवा लावून बसलात तर स्क्रीन बंद असूनही ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

म्हणून मी दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या करून पाहिल्या. आधी दिवे होते तसेच ठेवून फक्त चष्मा. मग चष्मा बाजूला ठेवून छताचा दिवा बंद, टेबलावर खाली तोंड केलेला पिवळ्या उजेडाचा छोटा दिवा, आणि लॅपटॉपचा उजेड वाचता येईल इतकाच. दोन्हींत फरक पडला, आणि साधारण सारखाच पडला. काम संपत आलं की जांभया यायला लागल्या, लॅपटॉप मिटल्यावर कुशी बदलत राहणं कमी झालं. ज्यांच्या हातात खोलीतले दिवे आहेत त्यांनी आधी ते बदलून बघावेत, असं मी म्हणेन. ज्यांच्या हातात नाहीत, म्हणजे कार्यालयात, वसतिगृहात, किंवा त्याच खोलीत दुसरं कोणी अभ्यास करत असेल तिथे, हा चष्मा खरा कामाचा. दिवे दुसऱ्याचे, अंधार आपला.

केशरी काचांच्या बाजूने एक छोटा पण चांगला प्रयोग आहे. कोलंबिया विद्यापीठात निद्रानाशाचा त्रास असलेल्या १४ जणांना झोपण्याआधी दोन तास केशरी काचा दिल्या, आणि वेगळ्या आठवड्यात साध्या. केशरी काचांच्या आठवड्यात झोप सुमारे अर्ध्या तासाने वाढली. १४ माणसं म्हणजे फार थोडी, त्यावर इमला चढवू नये. पण दिशा माझ्या अनुभवाशी जुळते.

मात्र ज्या रात्री एखाद्या लेखकाशी मजकुरावरून वाद झालेला असतो, त्या रात्री ना चष्मा उपयोगी पडतो ना पिवळा दिवा. मन पेटलेलं असलं की शरीराला रात्र झाल्याचा निरोप मिळूनही झोप येत नाही.

आता दुसऱ्या बाजूकडे येते, आणि हे मला जास्त कळकळीने सांगायचंय. माझी मुलगी कॉलेजात आहे. माझा चष्मा पाहून तिनेही घेतला. एका रात्री पाणी प्यायला उठले तर ही उशीला टेकून, केशरी चष्मा लावून, मोबाइलवर एकामागून एक व्हिडिओ बघतेय. मी काही बोलायच्या आत म्हणाली, “आई, चष्मा लावलाय ना मी!”

“अगं, उजेड अडला, पण किती वाजले बघ.”

तिने पाहिलं आणि तिलाच धक्का बसला. तिचा दोष मी मानत नाही. एक संपायच्या आत दुसरा सुरू होईल अशीच त्या व्हिडिओंची रचना असते, आणि चष्म्याने एक परवानगी दिल्यासारखं झालं होतं. २०२५ मध्ये नॉर्वेतल्या ४५ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या माहितीवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अंथरुणात गेल्यावर स्क्रीनचा दर एक तास वाढला की निद्रानाशाच्या लक्षणांची शक्यता ५९ टक्क्यांनी जास्त आणि झोप सरासरी २४ मिनिटांनी कमी, असं त्यात आढळलं. आणि स्क्रीनवर काय करता याने फारसा फरक पडत नव्हता: समाजमाध्यमं असोत, सिनेमा असो की अभ्यास. हा सर्वेक्षणाचा अभ्यास आहे, यातून कारण सिद्ध होत नाही. ज्यांना झोप लागत नाही तेही मोबाइल उचलतात. तरी मला त्यात मुलीची ती रात्र स्पष्ट दिसते. झोपेच्या वेळेतून वेळच कापला जातो, आणि तो कुठल्याही रंगाच्या काचेतून परत मिळत नाही.

याच्या तुलनेत निव्वळ प्रकाशाचा वाटा किती, तेही पाहा. बोस्टनमध्ये झालेला आणि २०१४ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेला प्रयोग सगळीकडे सांगितला जातो. १२ जणांनी पाच रात्री झोपण्याआधी चार तास टॅब्लेटवर वाचन केलं आणि पाच रात्री कागदी पुस्तक वाचलं. टॅब्लेटच्या रात्री मेलाटोनिन निम्म्याहून जास्त दबलं आणि शरीराचं घड्याळ दीड तासाने पुढे ढकललं गेलं, हे गंभीर आहे. पण झोप लागायला वेळ किती जास्त लागला? सुमारे १० मिनिटं. तेही टॅब्लेटचा उजेड पूर्ण वाढवून आणि चार-चार तास वाचून. व्हिडिओ बघताना दहा मिनिटं कशी जातात ते कळतही नाही.

फोनमधल्या रात्रीच्या पिवळ्या सेटिंगबद्दल थोडक्यात. फुकट आहे, डोळ्यांना बरं वाटतं, लावून ठेवा. त्याने झोप सुधारेल ही आशा मात्र ठेवू नका. आयफोनमधल्या ‘नाइट शिफ्ट’वर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १८ ते २४ वयाचे १६७ जण होते. काहींनी झोपण्याआधी ते चालू ठेवून फोन वापरला, काहींनी बंद ठेवून, काहींनी फोनच वापरला नाही. सगळे मिळून पाहिलं तर झोपेत फरक नव्हता. स्क्रीनचा रंग बदलण्यापेक्षा तिचा उजेड उतरवणं जास्त उपयोगाचं, असा माझा अनुभव आहे.

मुलीच्या बाबतीत चष्म्याऐवजी दुसराच तोडगा निघाला. आता फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला असतो आणि उठायला साधं गजराचं घड्याळ. निद्रानाशावर काम करणाऱ्या रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडलेली एक पद्धत आजही वापरली जाते. अंथरूण फक्त झोपेसाठी ठेवायचं, बाकी सगळं अंथरुणाबाहेर. माझंही अंथरुणात लॅपटॉप न्यायचं बंद आहे, चष्मा असो वा नसो.

पाचपैकी गुण द्यायचे तर केशरी काचांना साडेतीन, तेही बसून काम करणाऱ्यांसाठी. दीड गुण रंगांच्या गोंधळाचा आणि वजनाचा कापला. पारदर्शक काचांना झोपेच्या बाबतीत एक.

घ्यायचाच असेल तर लेझरच्या प्रयोगावर जाऊ नका. फोनवर गडद निळ्या रंगाचं चित्र पूर्ण स्क्रीनभर उघडा आणि काचेतून बघा. निळं जवळपास काळं दिसलं तर काच कामाची. नुसतं मळकट निळं दिसलं तर सोडून द्या. बाजूला झाकण असलेली मोठी चौकट निवडा. झोपायच्या दोन तास आधी लावा, आणि सकाळी तर चुकूनही लावू नका, कारण शरीराच्या घड्याळाला दिवसाचा भरपूर उजेड तितकाच लागतो. आणि तो घालून गाडी चालवू नका. त्यातून निळे दिवे दिसत नाहीत आणि अंधार आणखी दाट होतो.