सुट्टीत लहान मुलांना कुठे न्यायचं: झू, म्युझियम, राइड्स, पाणी की साधी बाग?

मूल पाचच्या आतलं असेल तर माझं मत आधीच सांगून टाकते, जिथून कधीही उठून घरी निघता येतं अशी जागा निवडा, बाकी सगळं नंतर बघू. कारण महाग तिकीट काढलं की आपण मोठी माणसं पैसे वसूल करायच्या मागे लागतो, मूल डोळे चोळतंय, पाय ओढतंय, तरी आपलं चालूच की अजून तो एक भाग राहिलाय तेवढा बघून घेऊ, आणि मग शेवटचा तास सगळ्यांनाच जड जातो.

झू की म्युझियम हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. दोन्ही चांगलेच आहेत पण वेळ वेगळी आहे. झूला जायचं तर गेट उघडतानाच पोचा. ऊन चढलं की बरेचसे प्राणी सावलीत जाऊन पडतात, सिंह तर एरवीसुद्धा दिवसाचे १६ ते २० तास आरामच करतो, त्यामुळे बाराला पोचलात तर गवतातली एक शेपटी दाखवून "तो बघ सिंह" म्हणायची वेळ येते. उशीर झालाच तर सरळ हत्तीकडे जा, तो दिवसातले १६ तासांपर्यंत खाण्यातच असतो, सोंडेने चारा उचलणं, झटकणं, तोंडात घालणं, लहान मुलं तिथे खूप वेळ रमतात. दुसरं म्हणजे चालणं. मोठ्या झूमध्ये दोन-तीन किलोमीटर कधी होतात कळत नाही आणि तीन वर्षांचं मूल निम्म्यातच "उचलून घे" म्हणतं, तेव्हा स्ट्रोलर न्याच, आणि आधीच तीन-चार प्राणी ठरवा. पूर्ण झू बघायचा हट्ट आपला असतो, त्यांचा नाही.

म्युझियम दुपारसाठी, पावसासाठी, कडक उन्हासाठी. पण कुठलं म्युझियम हे महत्त्वाचं. काचेआड वस्तू आणि खाली बारीक अक्षरात माहिती असं असेल तर सहा-सातच्या आतल्या मुलाला सारखं "हात लावू नको" ऐकावं लागतं, त्यात कुणालाच मजा नाही. हात लावून बघायचं, बटण दाबायचं, पाणी वळवायचं, सावली पाडायची असं जिथे असतं ते मात्र खरंच सोनं आहे. ही कल्पना नवीन पण नाही, खास मुलांसाठीचं पहिलं म्युझियम १८९९ ला न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात सुरू झालं, आणि १९६९ ला भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक ओपनहायमर यांनी सॅन फ्रान्सिस्कोत एक्सप्लोरेटोरियम नावाचं विज्ञानाचं म्युझियम काढलं तिथे तर सगळा भर हाताने करून बघण्यावरच होता. फक्त सुट्टीत गर्दी फार होते, आवाज घुमतो, आणि आवाजाने बिथरणारं मूल असेल तर अर्ध्या तासात बाहेर यायची तयारी ठेवा.

अम्युझमेंट पार्कबद्दल थोडक्यात. बऱ्याच मोठ्या राइड्सना १२० सेंटिमीटरच्या आसपास उंची लागते आणि चार वर्षांच्या मुलाची उंची साधारण १०३ असते, १२० पर्यंत पोचायला सातवं वर्ष उजाडतं. म्हणजे चार वर्षांच्या मुलाला घेऊन गेलात तर तो निम्म्या राइड्स बाहेरून बघणार आणि लाइनमध्ये उभा राहणार. नेणारच असाल तर घरी भिंतीला उभं करून उंची मोजा आणि कुठल्या राइड्स मिळतील ते त्याला निघायच्या आधीच सांगा, गेटवर नकार ऐकण्यापेक्षा ते खूप बरं.

आता पाणी. मुलांना विचाराल तर दहातली नऊ पाणीच म्हणतील, आणि त्यांचं खरंच आहे, वाळू, पाणी आणि एक बादली असली की दोन वर्षांचं आणि आठ वर्षांचं मूल एकाच जागी सुखाने खेळतं, हे बाकी फार कमी ठिकाणी जमतं. पण सगळ्यात जास्त लक्ष द्यावं लागणारी जागा पण हीच. जगभरात बुडण्याचं प्रमाण १ ते ४ वर्षांच्या मुलांमध्ये सगळ्यात जास्त आहे, आणि बुडणारं मूल ओरडत नाही, हात हलवून बोलवत नाही, ते गुपचूप खाली जातं, घोट्याएवढ्या पाण्यात सुद्धा. म्हणून हाताच्या अंतरावर एक मोठं माणूस हवंच, आणि ते कोण हे नाव घेऊन ठरवायचं. दहा जण सोबत असले की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. पंधरा-पंधरा मिनिटांच्या पाळ्या लावा, पाळीवाल्याने मोबाइल दुसऱ्याकडे द्यायचा. दंडावर चढवायचे हवेचे फुगे ही खेळणी आहेत, सुरक्षेसाठी नीट मापाचं लाइफ जॅकेट लागतं. पोहायचे कपडे भडक केशरी किंवा निऑन घ्या, निळा-पांढरा रंग पाण्याखाली दिसतच नाही. समुद्र असेल तर लाइफगार्ड असलेलाच किनारा बघा. आणि वेळ सकाळी १० च्या आधी किंवा ४ नंतरची, मधलं ऊन सगळ्यात तीव्र. सनस्क्रीन दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर परत लावायचं, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र सनस्क्रीनपेक्षा सावली आणि अंगभर कपडे बरे.

बाग किंवा झाडीतली सोपी पायवाट याला लोक आउटिंग म्हणतच नाहीत याचं मला वाईट वाटतं. लहान मुलाला मुंग्यांची रांग अर्धा तास पुरते. तिकीट नाही, लाइन नाही, कंटाळा आला की निघा. उणीव एकच, टॉयलेट आणि सावली कुठे आहे ते आधी बघून ठेवावं लागतं, आणि सात-आठच्या पुढच्या मुलांना काहीतरी काम द्यावं लागतं, नकाशा बघायचा, पानं ओळखायची, नाहीतर ती लवकर कंटाळतात.

अंतराचंही बघा. गाडी लागण्याचा त्रास दोन ते बारा या वयात जास्त असतो, त्यामुळे वळणावळणाच्या रस्त्यावर हातात स्क्रीन न देता खिडकीबाहेर लांबवर बघायला सांगा. आणि झोपलंय म्हणून मुलाला बंद गाडीत दोन मिनिटंही ठेवायचं नाही, उन्हात गाडीच्या आतलं तापमान दहाच मिनिटांत जवळपास ११ अंश सेल्सिअसने वाढू शकतं.

तर दोन-तीन वर्षांचं एकच मूल असेल तर बाग, आणि दुपारच्या झोपेच्या आत घरी, कारण या वयात चोवीस तासांत ११-१२ तास झोप लागतेच. चार ते सहा असेल तर सकाळचा झू किंवा हाताळायचं म्युझियम, हवा बघून ठरवा. वेगवेगळ्या वयाची भावंडं असतील आणि लक्ष ठेवायला दोन मोठी माणसं नक्की असतील तर पाणी, एकटेच नेणार असाल तर पाणी नको, बागच बरी. राइड्स सात वर्षं झाली की.