स्पीडुइनो: खुल्या आराखड्याचा ईसीयू, कोकणच्या हवेत तपासलेला

जुन्या कार्ब्युरेटरच्या इंजिनाला फ्युएल इंजेक्शन बसवू पाहणाऱ्या माणसाला बाजारातील तयार ईसीयू (इंधन आणि ठिणगीची वेळ ठरवणारे इंजिनाचे छोटे संगणक) महाग तर पडतातच, शिवाय त्यांच्या आत काय चालले आहे हे त्याला कधीच कळत नाही. ऑस्ट्रेलियात सुरू झालेला स्पीडुइनो हा प्रकल्प आर्डुइनो मेगा २५६० या सहज मिळणाऱ्या बोर्डावर उभा असून, त्याचा आराखडा आणि आज्ञावली कोणालाही वाचता व बदलता येतात. चिपळूण-खेड भागातील काही गॅरेजवाले आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी अशा आमच्या छोट्या गटाने तो मारुती ८०० च्या तीन सिलिंडरच्या इंजिनावर, गाडीबाहेर स्टँडवर बसवून तपासला. इंजिन स्टँडवरच ठेवण्याचे कारण कायद्यात आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीच्या तपशिलाशी न जुळणारा फेरफार गाडीत करता येत नाही. त्यामुळे रस्त्यावरच्या गाडीला हात लावण्याआधी आरटीओत चौकशी करणे आवश्यक आहे.

१६ मेगाहर्ट्झचा आठ-बिटी प्रोसेसर आजच्या काळात अगदीच साधा वाटतो. तथापि ६००० आरपीएमला क्रँकचा (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचा) एक फेरा १० मिलिसेकंदांचा, म्हणजे एका अंशाला सुमारे २८ मायक्रोसेकंद मिळतात, आणि तेवढ्या अवधीचे गणित हा प्रोसेसर नीट सांभाळतो. इंजिनाच्या वेग आणि भारानुसार किती इंधन द्यायचे हे सांगणारा तक्ता १६ गुणिले १६ चौकटींचा असतो, इंजेक्टर आणि इग्निशनच्या प्रत्येकी चार वाहिन्या मिळतात, आणि क्रँकवरच्या ३६ वजा १ किंवा ६० वजा २ दातांच्या (म्हणजे एक वा दोन दात मुद्दाम गाळलेल्या) चाकांपासून जुन्या डिस्ट्रिब्यूटरपर्यंत अनेक प्रकारचे संकेत तो ओळखतो. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या (हवेची झडप मोटरने उघडणाऱ्या) गाड्यांसाठी मात्र त्याचा विचार करू नये. इग्निशनच्या वाहिन्या केवळ संकेत देतात; त्यांना साधी कॉइल थेट जोडल्यास बोर्ड जळण्याची शक्यता असते, म्हणून मध्ये इग्नायटर (कॉइलचा मोठा विद्युतप्रवाह चालू-बंद करणारा भाग) हवाच.

या उत्पादनाची खरी ताकद त्याच्या परीक्षकांत आहे. नवी आवृत्ती आली की निरनिराळ्या देशांतील मोजके लोक ती स्वतःच्या इंजिनावर चालवतात आणि बिघाड दिसल्यास ट्युनची फाइल (त्या इंजिनासाठीचे तक्ते व मांडणी), लॉग (चालू इंजिनाच्या नोंदी), आज्ञावलीची आवृत्ती व चाकाचा प्रकार एकत्र पाठवतात. आवृत्त्यांची नावे साल-महिन्यावरून, उदाहरणार्थ २०२३०५, अशी असल्याने कोण कशावर बोलतो आहे याचा गोंधळ होत नाही. आमच्या इंजिनाचा सिंक, म्हणजे क्रँकच्या स्थितीशी ईसीयूचा मेळ, मधूनच तुटत होता. प्रत्येक दाताची वेळ नोंदवणारा लॉग पाहिल्यावर दोष आज्ञावलीत नसून सेन्सरच्या सैल अर्थिंगमध्ये असल्याचे स्पष्ट झाले. हा लॉग हाती नसता तर आम्ही विनाकारण विकसकांना दोष देत बसलो असतो. ‘गाडी मिसिंग करते’ एवढेच लिहिणाऱ्याला उत्तर मिळत नाही, आणि विनामोबदला काम करणाऱ्यांकडून तशी अपेक्षाही रास्त नव्हे.

परीक्षक थोडे असल्याने काही हवामाने तपासावाचून राहतात. थंड देशांतील मंडळी गोठलेल्या सकाळी इंजिन सुरू करून पाहतात. आपल्याकडे प्रश्न उलटा असतो, कारण मे महिन्यात तापलेले इंजिन बंद करून थोड्या वेळाने पुन्हा सुरू करताना हवेच्या तापमानाचा सेन्सर आजूबाजूच्या लोखंडाची उष्णता वाचतो आणि इंधन कमी पडते. ही सुधारणा हाताने करावी लागते. परदेशी ट्युनची फाइल जशीच्या तशी उचलण्यातही धोका आहे. शुद्ध पेट्रोलसाठी हवा-इंधनाचे योग्य प्रमाण १४.७ असते, तर आपल्या पंपावरच्या ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल) साठी ते साधारण १३.५ होते, त्यामुळे लॅपटॉपवर नुसत्या प्रमाणाऐवजी लॅम्बडा (प्रत्यक्ष प्रमाण भागिले त्या इंधनाचे योग्य प्रमाण) पाहणे शहाणपणाचे.

घाटाचा मुद्दा अनेकांच्या लक्षात येत नाही. वेगळा सेन्सर नसेल तर बाहेरच्या हवेचा दाब स्पीडुइनो इंजिन बंद असतानाच मोजतो, आणि दर १०० मीटर उंचीला हा दाब साधारण १.२ टक्क्याने घटतो. मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) दाबावर इंधन ठरवणाऱ्याला कुंभार्ली घाट न थांबता चढला तरी फारसे बिघडणार नाही. केवळ थ्रॉटलच्या स्थितीवर ते ठरवणाऱ्याने मात्र दाबाचा स्वतंत्र सेन्सर बसवावा.

दोन तक्रारी नोंदवणे भाग आहे. ट्युनिंगसाठी वापरले जाणारे ट्युनरस्टुडिओ हे सॉफ्टवेअर खुले नाही, आणि तक्ता आपोआप सुधारण्याची त्यातील सोय पैसे भरल्यावरच मिळते. दुसरी तक्रार अधिक गंभीर वाटते. प्रकल्पाच्या मूळ बोर्डाला चाळीस पिनांची उघडी जोडणी आहे, आणि खाऱ्या हवेत अशा पिनांवर हिरवट गंज चढायला एक पावसाळा पुरतो. बोर्ड बोनेटखाली कदापि ठेवू नये. बंद डब्यात, लेप देऊन, ड्रायव्हरच्या पायाजवळ न बसवता डॅशबोर्डच्या आत उंचावर बसवावा, कारण पुराचे पाणी आधी पायाशीच येते.

सोल्डरिंगची सवय असणाऱ्याने सुटे भाग आणून बोर्ड स्वतः जोडावा, म्हणजे पुढे एखादी वाहिनी बंद पडली तर भर जुलैत पार्सलची वाट न पाहता ती घरीच बदलता येईल.