कॅम्पातला मराठी बायबल क्लास, जरूर जावा

बेळगाव कॅम्पातल्या एका चर्चच्या हॉलात रविवारी संध्याकाळी मराठीतून बायबल क्लास चालतो, मुख्य म्हणजे बायबलातली प्रेषित पौलाची दोन पत्रं, रोमकरांस आणि गलतीकरांस. फी नाही, झेरॉक्सचे पैसे तेवढे द्यायचे, कुठल्याही चर्चचा माणूस चालतो. आपल्याकडं मराठीतून हे नीट शिकवणारं कोण सहसा भेटत नाही म्हणून मुद्दाम लिहितोय.

शिकवायची पद्धत एक नंबर. सर भाषण ठोकत नाहीत, वचनं काढायला लावतात. रोमकरांसचा ४ था अध्याय चालू असताना सगळ्यांना बायबलातल्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्ती १५ आणि १७ मध्ये बोटं घालून बसवलं. १५ व्या अध्यायाच्या ६ व्या वचनात (१५:६) यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम ह्यानं देवावर विश्वास ठेवला आणि तेच त्याचं नीतिमत्त्व, म्हणजे देवापुढं निर्दोष ठरणं, म्हणून धरलं गेलं, आणि कराराची खूण म्हणून सुंता कधी, तर १७ मध्ये, वयाच्या ९९ व्या वर्षी, आणि मधे १६ व्या अध्यायात इश्माएल जन्मला तेव्हा तो ८६ चा, म्हणजे कमीत कमी १३ वर्षं आधीच देवानं त्याला नीतिमान धरलेलं, अंगावर कसली खूण नसताना! माणूस विश्वासानं नीतिमान ठरतो, नियम पाळून नाही, हा पौलाचा मुद्दा ह्या क्रमावरच उभा आहे आणि तो आपल्याच बोटाखाली दिसला की डोक्यात पक्का बसतो.

गलतीकरांसच्या २ ऱ्या अध्यायाच्या दिवशी तर हॉल गप्प झाला. अंत्युखिया शहरात येशूचा शिष्य पेत्र परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहुदी नसलेल्यांबरोबर, जेवत होता, यरुशलेमची यहुदी माणसं आली तसा बाजूला सरकला, आणि पौलानं त्याला सगळ्यांसमोर सुनावलं. आपल्यात पण कोण कुंकू लावतं, कोण प्रसाद खातं, कोण लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, मटण आणतं ह्यावरून विश्वास मोजतातच की. एका मावशींनी विचारलं, "मग सर, आम्ही उपास सोडायचे काय?" सर म्हणाले, "सोडा म्हणून कोण म्हणालं मावशी? धरा की. पण देवानं पदरात घेतलंय म्हणून धरा, पदरात घ्यावं म्हणून नको." ह्या एका उत्तरासाठी तरी जावा असं मला मनापासून वाटतं.

पार्किंग ठीक, माईक खराब, पुढं बसा. आठपर्यंत लांबतं, खानापूर-निपाणीकडच्यांनी गाडीचं बघून यावं.

एकच तक्रार. जोडीला घेतलेला याकोबाच्या पत्राचा २ रा अध्याय घाईत उरकला. "केवळ विश्वासानं नव्हे, कर्मांनीही" हे वचन घरात कोणीतरी तोंडावर टाकणारच, तेव्हा काय सांगायचं? याकोबही तेच १५:६ सांगतो, पण अब्राहाम आपला मुलगा इसहाक ह्याला अर्पण करायला निघाला त्या वेदीपाशी उभं राहून, म्हणजे विश्वास आधीचा आणि वेदीवर तो कृतीत उतरला, हे सावकाश उलगडायला एक अख्खी संध्याकाळ पाहिजे. आणि १९९९ साली लूथरन (एक प्रोटेस्टंट पंथ) आणि कॅथलिक दोघांनी मिळून, माणूस नीतिमान कसा ठरतो ह्याच विषयावर संयुक्त घोषणा केली, २००६ मध्ये मेथडिस्ट हा दुसरा प्रोटेस्टंट पंथही त्यात आला, हे सांगितलंच नाही. पुढच्या बॅचला तेवढं घ्याच सर, कॅथलिक मंडळी पण येतात की क्लासला.