हॅमिल्टनमधली माओरी समाजसेवा : आमचा अनुभव, पाचापैकी चार

बाबा गेल्यावर आईला वाईहून इकडे न्यूझीलंडला, हॅमिल्टनला आणलं. आठ महिन्यांत तिचं बोलणं ‘हो’, ‘नको’ आणि ‘पडते जरा’ एवढ्यावर आलं. भाकरी अर्धी व्हायची. डॉक्टर म्हणाले, सोशल वर्करला भेटा.

आधी एक दुसरी संस्था झाली, तिचं नाव नको. बाई बुटांसकट कार्पेटवर, हातात टॅबलेट, फोनवर हिंदी दुभाषी. “घरात तुम्हाला कुणी त्रास देतं का?” हे तिने मी शेजारी बसलेला असताना विचारलं! आई सगळ्यालाच “ठीक है” म्हणाली. चाळीस मिनिटांत आमच्यापुढे ‘एशियन’वर टिक पडली आणि फाइल बंद.

मग ओळखीच्या एका नर्सने ही माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांची, संस्था सुचवली. माओरी असाल तरच घेतात असं मला वाटायचं, पण तसं नाही. पाच आठवडे वाट बघायला लागली मात्र. एक तारा त्यात गेला.

आलेली बाई साधारण पन्नाशीची. बूट दाराबाहेर, हातात घरी केलेला केक. अर्धा तास आजाराचं नावच नाही. आपला डोंगर टाउपिरी, नदी वायकाटो, आजी कुठली, आजोबा कुठले, हेच सांगत बसली. याला पेपेहा म्हणतात. पहिल्या दिवशी मराठी दुभाषी मिळाली नव्हती, म्हणून मीच सांगत होतो. आई मध्येच म्हणाली, “तिला सांग, आमची कृष्णा. आणि डोंगर म्हणशील तर पांडवगड.” एवढं लांब ती कित्येक दिवसांत बोलली नव्हती.

सोफ्यावर नीट टेकता यावं म्हणून मी बाईंना आईची उशी दिली, तर त्यांनी ती खाली न घेता बाजूला ठेवली. त्यांच्यात डोकं टापू, म्हणजे पवित्र, म्हणून डोक्याच्या उशीवर बसायचं नाही. आई लगेच म्हणाली, “आमच्यात गळू होतं म्हणतात.” मग भांडी पुसायचं फडकं अंगावरच्या कपड्यांबरोबर धुवायचं नाही, हे निघालं. आईने माझ्या बायकोकडे बघून फक्त “बघ” म्हटलं. (बायकोचा अभिप्राय या परीक्षणात घेतलेला नाही.)

दुसऱ्या भेटीत बाईंनी कागदावर चार भिंतींचं घर काढलं. मेसन ड्युरी या माओरी मानसोपचारतज्ज्ञांनी १९८०च्या दशकात मांडलेला हा नमुना : शरीर, मन, कुटुंब, आणि चौथी वाइरुआ, आत्म्याची. तुमची कुठली भिंत कलली आहे? आईने चौथीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, “देव कपाटात आहेत.”

कपाटात मीच ठेवले होते. भाड्याचं घर, उदबत्ती लावली की स्मोक अलार्म बोंबलतो. त्याच दिवशी देव आईच्या खोलीत खिडकीशी आले. निरांजन तिथे, उदबत्ती मागच्या पायरीवर.

इथे २०२१पासून नोंदणीशिवाय कुणाला सोशल वर्कर म्हणवून घेता येत नाही. नोंदणीच्या निकषांत पहिलाच माओरींसोबत काम करता येण्याचा आणि दुसरा इतर वंशांच्या लोकांसोबत. बाई म्हणाल्या, यामागे १९८६चा ‘पुआओ-ते-आता-तू’ अहवाल आहे. जॉन रांगिहाऊंच्या समितीने सरकारच्या समाजकल्याण खात्यातला वंशवाद त्यात तोंडावर मांडला होता. म्हणजे निकष त्या टॅबलेटवाल्या बाईंनाही लागू होतेच.

एक चूक यांचीही. कुटुंबाची ‘हुई’, म्हणजे बैठक, म्हणून सगळ्यांना गोल बसवलं. बहीण, जावई, मी, बायको. जावयासमोर आई तोंड उघडणार आहे का? तासभर नुसता चहा झाला. दुसऱ्या दिवशी मी फोन करून सांगितलं, तर बाई सरळ म्हणाल्या की हे मी आधी विचारायला हवं होतं. पुढच्या खेपेला त्यांनी मराठी दुभाषी बाई फोनवर मिळवली आणि मला खोलीबाहेर काढलं. सव्वा तास मी गॅरेजमध्ये. एकदा आतून हसण्याचा आवाज आला. काय बोलणं झालं ते आई अजून सांगत नाही.

फी काही नाही. संस्थेचं नाव हवं असेल तर मला विचारा, पाच आठवडे धरून चाला.