राऊटरमधलं ॲड्रेस रिझर्व्हेशन : आठ महिन्यांच्या वापरानंतर

सदाशिव पेठेतलं छोटं ऑफिस. नऊ कॉम्प्युटर, दोन नेटवर्क प्रिंटर, कॅमेऱ्यांचा एक डीव्हीआर आणि दिवसभर येणारे-जाणारे मोबाईल. प्रिंटरला हाताने आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) टाकण्याची पद्धत बंद करून सगळी यंत्रं ‘ऑटोमॅटिक’वर ठेवली आणि कुणाला कोणता पत्ता, हे राऊटरमध्येच बांधून टाकलं; यालाच ॲड्रेस रिझर्व्हेशन म्हणतात. प्रिंटर अचानक ‘ऑफलाइन’ दिसणं तेव्हापासून थांबलंय.

आधीचा घोळ असा होता. राऊटर १९२.१६८.१.१०० ते १४९ हे पन्नास पत्ते वाटत होता आणि प्रिंटरला हाताने दिलेला १२० याच पन्नासांतला. एरवी खपून जातं, पण गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली की उघडं पडतं. बरेच साधे राऊटर लीजची (कोणता पत्ता मुदतीपुरता कुणाला दिला, त्याची) यादी बंद होताच विसरतात. बॅटरीवर चालू राहिलेला लॅपटॉप आपला जुना पत्ता धरून बसतो, राऊटर तोच पत्ता भलत्यालाच देतो, आणि एका पत्त्यावर दोघं बसले की दोघांचंही नेट अडखळतं. रिझर्व्हेशनची यादी मात्र राऊटरच्या कायमच्या सेटिंगमध्ये असते, म्हणून ती टिकते.

लावायला सोपं आहे, फक्त मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक) नीट घ्या. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल’ (ipconfig /all) दिलं की ‘फिजिकल ॲड्रेस’ची ओळ दिसते. लॅपटॉपचा वायफायचा मॅक वेगळा, लॅनचा वेगळा. यूएसबीला लावलेल्या लॅन ॲडॉप्टरचा तिसराच. मोबाईलवर ‘रँडम मॅक’ (खऱ्याऐवजी तात्पुरता मॅक दाखवणं) चालू असेल तर त्या नेटवर्कपुरता तो बंद करा, नाहीतर रिझर्व्हेशन कुणाच्या नावावर केलं तेच कळणार नाही. सेव्ह केल्यावर आयपीकॉन्फिगलाच ‘रिलीज’ (पत्ता सोड) आणि मग ‘रिन्यू’ (पुन्हा माग) द्या. रिमोटवरून काम करताना ‘रिलीज’ देऊ नका, तिथेच कनेक्शन तुटतं आणि पुढचं ‘रिन्यू’ टाइप करायला कुणाला तरी प्रत्यक्ष जावं लागतं.

पत्ताच मिळत नसेल तर रिझर्व्हेशनचा काही उपयोग नाही. आयपी १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राऊटरकडून उत्तरच आलेलं नाही आणि विंडोजने स्वतःच पत्ता लावून घेतलाय. वीज आल्यावर हे हमखास होतं, कारण राऊटर उभा राहायला दोन-तीन मिनिटं घेतो आणि कॉम्प्युटर त्याआधीच विचारून मोकळा होतो. विंडोज दर पाच मिनिटांनी पुन्हा विचारतं, त्यामुळे थोडं थांबलं तरी चालतं. कायमचा इलाज म्हणजे तपकीर गल्लीत मिळणारा राऊटरचा छोटा यूपीएस. व्होल्ट ॲडॉप्टरवर लिहिलेत तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. फायबरचा डबा आणि नेटवर्कचा स्विच (सगळ्या केबल जिथे जोडतात तो डबा) यांनाही बॅकअप लागतो, हे विसरू नका.

तरीही १६९ जात नसेल तर दुसरं यंत्र त्याच केबलला लावून बघा. त्याला पत्ता मिळाला तर दोष पहिल्या यंत्रात: सर्व्हिसेसमध्ये ‘डीएचसीपी क्लायंट’ (राऊटरकडून पत्ता मागणारी सर्व्हिस) चालू आहे का पाहा, आणि नेटवर्क सेटिंगमध्ये जुना हाताचा आयपी राहून गेलाय का तेही. त्यालाही मिळाला नाही तर केबल, स्विचचं पोर्ट, मग राऊटर.

सगळ्यात फसवा प्रकार दुसऱ्या राऊटरचा. आतल्या खोलीत रेंज यावी म्हणून कुणीतरी जुना राऊटर लॅन पोर्टात जोडतो आणि तोही पत्ते वाटायला लागतो. ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचा पत्ता लागतो, म्हणून काही कॉम्प्युटर चालतात, काही नाहीत. ‘स्लॅश ऑल’मध्ये ‘डीएचसीपी सर्व्हर’समोर १९२.१६८.१.१ ऐवजी १९२.१६८.०.१ दिसला की चोर सापडला. जुन्या राऊटरचं डीएचसीपी (पत्ते वाटणं) बंद करा, त्याला १९२.१६८.१.२ असा वाटपाबाहेरचा पत्ता द्या आणि केबल लॅन पोर्टातच ठेवा.

एक उणीव आहेच: राऊटर रिसेट झाला की सगळी रिझर्व्हेशन पुसली जातात. सेटिंगची बॅकअप फाइल पेनड्राइव्हवर आणि पत्त्यांचा तक्ता स्विचच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवलेला, इतकं तरी हवंच.