आर्क एन्काउंटर, केंटकी: होमस्कूल गटाची सहल नेणाऱ्यांसाठी

को-ऑप म्हटलं की आपल्याला साखर कारखाना आठवतो. अमेरिकेतल्या होमस्कूलवाल्यांचा, म्हणजे मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणाऱ्यांचा, को-ऑप वेगळा. दहा-बारा कुटुंबं आठवड्यातून एकदा चर्चच्या हॉलमध्ये जमतात, एखादी आई विज्ञानाचे प्रयोग घेते, एखादे बाबा सुतारकाम शिकवतात, आणि अधूनमधून सगळे मिळून सहलीला जातात. ओहायो, इंडियाना, केंटकी या पट्ट्यातल्या ख्रिस्ती को-ऑपच्या यादीत विल्यम्सटाउनचं आर्क एन्काउंटर हटकून असतं. ७ जुलै २०१६ रोजी उघडलेलं, महापुरातून कुटुंब आणि प्राणी वाचवणाऱ्या नोहाचं तारू (मोठी नाव) बायबलमधल्या मापांनी उभं केलेलं हे ठिकाण सिनसिनाटीच्या दक्षिणेला, आय-७५ महामार्गाला लागून आहे.

निकाल आधीच सांगतो: लाकूडकाम आणि आकारमान यांना पाचपैकी साडेचार. माहितीच्या पाट्यांना अडीच, कारण त्या फार आहेत. आणि तयारी न करता वीस मुलं नेली, तर त्यांच्या लक्षात फक्त बस आणि आइस्क्रीम राहतं.

तयारी म्हणजे एक दोरी. मराठी बायबलात तारवाची मापं हातांत आहेत: ३०० हात लांब, ५० रुंद, ३० उंच. इंग्रजीतून शिकणाऱ्या मुलांना क्युबिट समजावत बसावं लागतं. आपल्या घरी आजी कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत सुतळी मोजते, तोच हा हात. पण कोणाचा हात? आठ वर्षांच्या मुलाचा हात साधारण १३ इंच भरतो, म्हणजे त्याचं तारू ३२५ फूट लांब. मोठ्या माणसाचा १८ इंच धरला तर ४५० फूट. इथे बांधणाऱ्यांनी २०.४ इंचांचा लांब हात घेतला, प्राचीन इजिप्तच्या राजहाताच्या जवळपासचा. त्यामुळे तारू ५१० फूट लांब, ८५ फूट रुंद आणि ५१ फूट उंच झालं. हा हिशेब मुलांनी सहलीआधी स्वतः केलेला असला की समोर ते धूड दिसल्यावर त्यांच्या तोंडून पहिला प्रश्न मापाचाच निघतो.

आता दोरीची युक्ती. २०.४ इंचांचे १० हात म्हणजे बरोबर १७ फूट. १७ फुटांची एकच दोरी कापा आणि चर्चच्या पार्किंगमध्ये ती ३० वेळा सरळ रेषेत टाका: लांबी झाली. पाच वेळा टाकली की रुंदी. उंची तीन दोऱ्या. ती जमिनीवरच आडवी आखा, नाहीतर कोणी तरी झाडावर चढतं. नायलॉनची दोरी ताणली की वाढते, म्हणून सुती किंवा न ताणणारी घ्या. खुणेसाठी गाठ मारू नका, गाठ दोरी खाते. रंगीत टेप चिकटवा. प्रत्येक वेळी टोकाशी एक खडा ठेवला नाही तर बाराव्या-तेराव्या दोरीला मोजणी हमखास चुकते. दर वेळी दोन इंच सरकलं तर शेवटी पाच फुटांचा फरक पडतो, आणि चूक कशी साठत जाते हे वहीपेक्षा इथे लवकर कळतं. पार्किंग ५१० फुटांचं नसेल तर अमेरिकन फुटबॉलचं मैदान गाठा. दोन्ही टोकांचे पट्टे (एंड झोन) धरून ते ३६० फूट असतं, म्हणजे तारू त्याच्याही बाहेर १५० फूट जातं.

प्रत्यक्ष दिवशी सगळ्यात मोठा घोळ घड्याळाचा. विल्यम्सटाउन ईस्टर्न वेळेत आहे, म्हणजे सेंट्रल वेळेच्या एक तास पुढे. शिकागो, एव्हन्सविल किंवा नॅशव्हिल या सेंट्रल वेळेतल्या शहरांकडून येणाऱ्यांचा एक तास वाटेतच जातो, आणि ‘दहाला भेटू’ म्हटलेलं अर्धं टोळकं अकराला उगवतं. दुसरा घोळ बसचा. गाडी तळावर लावून शटल बसने तारवापर्यंत जावं लागतं. म्हणजे गाडीत राहिलेला स्वेटर, औषध, बाळाचं दूध आणायला पुन्हा बस. चार मुलांमागे एक मोठं माणूस ठेवा, आणि प्रत्येक चौकडीची पिशवी तिच्याकडेच. सगळ्यांची मिळून एक मोठी पिशवी केली की ती नेमकी दुसऱ्या बसमध्ये असते. पार्किंगचे पैसे तिकिटापेक्षा वेगळे पडतात, तेव्हा वर्गणी काढताना ते गाडीमागे धरा, माणशी नाही.

आत तीन मजले, एकावरून दुसऱ्यावर उताराच्या वाटेने चढत जायचं. पहिल्यावर लहान पिंजरे आणि साठवणीची मडकी. सगळे तिथेच थांबतात म्हणून गर्दीही तिथेच. पुढे सरका. प्राणी मूर्ती आहेत, जिवंत प्राणी मागच्या छोट्या प्राणिसंग्रहालयात. हे आधी सांगितलं नाही तर पाच-सहा वर्षांची मुलं हिरमुसतात. तिसऱ्या मजल्यावर नोहा, शेम, हाम, याफेथ आणि त्यांच्या बायकांच्या खोल्या, स्वयंपाकघर. इथे वेळ द्या. आतला उजेड मंद आहे. चित्र काढणाऱ्यांना जाड पेन्सिल आणि पुठ्ठा द्या, फिका रंग दिसत नाही.

खांबांकडे मुलं आपण होऊन बघत नाहीत, बघायला लावावं लागतं. अखंड ओंडके, आमिश कारागिरांचा हात, जोडांवर पोलाद. मोठ्या मुलांना एकच काम द्या: लाकूड कुठे संपतं ते शोधा. एका बाजूला तीन पक्के मनोरे आहेत, लिफ्ट, जिने आणि स्वच्छतागृहं त्यांत. हे तारू तरंगणारं जहाज नाही, जहाजाच्या आकाराची इमारत आहे, हे मुलांनी स्वतः हुडकलं की त्यांना फार मजा वाटते. आजी-आजोबा सोबत असतील तर याच लिफ्टचा आधार.

दुसरं काम दोन रकान्यांचं: ‘उत्पत्तीत आहे’ (उत्पत्ती म्हणजे बायबलचं पहिलं पुस्तक, तारवाची गोष्ट त्यातलीच) आणि ‘रचनाकारांची कल्पना’. आदल्या दिवशी उत्पत्तीचे ६ ते ९ अध्याय वाचून या. तीन मजले, बाजूला दार, आतबाहेर डांबर हे मजकुरात आहे. बायकांची नावं नाहीत. तिथल्या उपाहारगृहाला नोहाच्या बायकोचं म्हणून एमझारा हे नाव दिलंय, ते बायबलबाहेरच्या ‘जुबिली’ ग्रंथातून आलेलं. आपल्या घरातलं मूल मनू आणि माशाबद्दल विचारणारच. ते वाटेत गाडीतच बोलून घ्या, रांगेत नको.

आता नाजूक भाग. आर्क चालवणारी आन्सर्स इन जेनेसिस ही संस्था पृथ्वीचं वय सुमारे ६,००० वर्षं मानते, आणि पिंजऱ्यांत डायनोसॉरही आहेत. भूविज्ञानाचा आकडा ४.५ अब्ज वर्षांच्या पुढचा. सगळे ख्रिस्ती यावर एकमताचे नाहीत. कॅथलिक आणि बॅप्टिस्ट कुटुंबं एकाच को-ऑपमध्ये असली तर हा वाद पालकांनी निघण्याआधी मिटवावा, मुलांसमोर नव्हे. विज्ञानाचा तास म्हणून ही सहल एकटी पुरी पडत नाही, असं माझं स्पष्ट मत.

ती कसर ओहायोच्या शॅरनव्हिलमधलं ट्रॅमल फॉसिल पार्क भरून काढतं. तारवापासून उत्तरेला तासाभरावर, फुकट, आणि सापडलेले जीवाश्म घरी नेता येतात. सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाचा उघडा उतार आहे. ब्रॅकिओपॉड (शिंपल्यासारखे दोन झडपांचे जीव) ढिगाने मिळतात, ट्रायलोबाइटला (खंडखंड कवचाच्या, आता नामशेष झालेल्या समुद्री जीवाला) चिकाटी लागते. हातोडीची गरज नाही, सुटे तुकडेच वेचायचे. पावसानंतर दोन दिवसांनी जा: माती धुतलेली असते आणि पायही घसरत नाहीत. सोबत जुना टूथब्रश आणि अंड्यांचं रिकामं खोकं, एका खणात एक नमुना आणि त्यावर तारीख. एकाच दिवसात दोन्ही कोंबू नका, मुलं गाडीत झोपतात.

केंटकीतल्या कुटुंबांनी नोंद त्याच रात्री करावी. तिथे वर्षाला १७० दिवस आणि १,०६२ तास शिक्षण भरावं लागतं, हजेरीपट ठेवावा लागतो. बसचा आणि जेवणाचा वेळ वजा करा. दोरीचा तास मात्र गणितात धरायला हरकत नाही.